झोपाळ्यावर किती जण?

साहेब बाहेर गेले होते म्हणूनच हितेंद्र रुचाच्या टेबलाशी येऊन उभा राहिला, नाहीतर दोघांची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. दादरच्या त्या ऑफिसात ती स्लॅबमधल्या पोलादी केबल कॉम्प्युटरवर आखायची. तो लालबागच्या साइटवरचा इंजिनिअर. त्याची चाळ होती तिथेच आता टॉवर उभा राहत होता आणि त्याच्या घरच्यांना सहाव्या मजल्यावर फ्लॅट मिळणार होता.

"मॅडम, ही केबल जरा बाजूला सरकेल?" त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं. "आईला हॉलमध्ये झोपाळा हवाय."

रुचाने वर पाहिलं. कपाळावर हेल्मेटचा वळ, आणि डोळ्यांत हसू... तिने घाईने नजर स्क्रीनकडे वळवली. हॉलच्या मधोमध केबल स्लॅबच्या अगदी तळाशी येतात; ताणलेल्या केबलला ड्रिल लागलं तर होत्याचं नव्हतं व्हायचं. म्हणून झोपाळ्याच्या कड्या स्लॅब टाकायच्या आधीच बसवायला हव्या होत्या. हिशेब बसत असेल तर करा, असं साहेब म्हणाले, आणि हितेंद्रच्या दादरला फेऱ्या सुरू झाल्या.

एक केबल सरकवली की स्क्रीनवर भलतीकडेच लाल डाग उमटायचा. म्हणजे तिथे स्लॅबची ताकद कमी पडतेय. मग शेजारची केबल जरा वर-खाली करायची, पुन्हा तपासायचं. तो खुर्ची ओढून बाजूला बसायचा, येताना चिवडा आणायचा, आणि ती सॉफ्टवेअरला घालायची त्या शिव्या आपल्यालाच आहेत असं समजून माफी मागायचा. झोपाळ्यावरून निघालेलं बोलणं कुठल्या कुठे जायचं. तो यायच्या वेळेला रुचाचं लक्ष दाराकडे लागे आणि हातून कधी नव्हे त्या चुका होत. स्लॅबचं गाडं काही पुढे सरकत नव्हतं, पण तक्रार कुणाचीच नव्हती.

मग एका दुपारी तो सहज बोलून गेला, की नव्या घरात गेलं की लग्न उरकायचं असं आईच्या मनात आहे.

रुचाचा माउस थांबला. म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या बसायची सोय आपण इतका जीव तोडून करत होतो... तिला रडू येईलसं वाटलं, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला.

"लोड सांगा," ती स्क्रीनकडे बघतच म्हणाली. "झोपाळ्यावर किती जण बसणार?"

"आई, बाबा, मी..." तो अडखळला. "आणि अजून एक. पण—तिला विचारलेलं नाही."

"मग विचारून या. अंदाजाने आकडे टाकत नाही मी."

हितेंद्र उठला नाही. पंख्याने टेबलावरचे कागद फडफडत होते, ते त्याने उगाच हाताने दाबून धरले.

"विचारायलाच तर येतोय रोज," तो हळूच म्हणाला. "बसशील, रुचा?"

रुचाने कीबोर्ड जवळ ओढला. लोडच्या रकान्यात तिने आकडा टाकला.

हितेंद्रने वाकून पाहिलं. "पाच? आपण चारच झालो."

"इमारत काय आजच्यापुरती बांधतात?" रुचा म्हणाली. "पुढचंही धरावं लागतं."

त्याला हिशेब कळायला अंमळ वेळ लागला. कळला, तेव्हा त्याने दाबून धरलेले कागद हातातून सुटले आणि पंख्याने ऑफिसभर उडाले.