किडेवाली मॅडम

न्हावरे फाट्यावर सकाळी साडेनऊच्या उन्हात एक मुलगी बाटलीतलं पिण्याचं पाणी थर्माकोलच्या पेटीवर ओतत होती. शेजारी तिची स्कूटी, मागचं चाक पार बसलेलं. डेअरीला दूध घालून, रिकाम्या किटल्या खडखडवत घरी निघालेल्या शंभूनं गाडी थांबवली. थांबवली कसली, आपसूकच थांबली म्हणा ना.

"पंक्चर?"

"गाडीचं राहू द्या. जवळ सावली कुठं मिळेल?"

"तुम्हाला का पेटीला?"

"पेटीला."

शंभूला हसू आलं. "असं काय हाय पेटीत? लस?"

"किडे आहेत. जिवंत." तिनं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. "आणि उकडून मेले, तर शेवटी तुम्हीच गप्पा मारत होतात असं सांगेन सगळ्यांना."

ही सुषमा. पाटसची. दौंडला एका छोट्या लॅबमध्ये ती ढालकिडे वाढवायची. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला, लहानपणी आपण सगळ्यांनी बोटावर चालवलेला तो किडा. पिकाचा रस शोषणारी बारीक कीड, म्हणजे मावा, हे त्याचं जेवण. त्या दिवशी एका बागाईतदारानं बोलावलं म्हणून ती पेटी घेऊन आली होती, आणि त्या शहाण्यानं 'कशाला धोका' म्हणून पहाटेच औषध फवारून ठेवलं होतं. आता विष मारलेल्या रानात किडे सोडायचे कसे, आणि ते परत दौंडपर्यंत जगवायचे तरी कसे?

"मावा पाहिजे ना तुम्हाला?" शंभू म्हणाला. "माझ्या शेवंतीवर हाय की. लई हाय. आन् फवारा एक बी न्हाई मारलेला."

"खरं सांगताय?"

"आमच्या आप्पांची मेंढरं हायती. दोन सालामागं बांधावरचं फवारलेलं गवत खाऊन एक मेंढी गेली, पोटातल्या कोकरासकट. तवापासनं घरात औषधाची बाटली आणायची न्हाई, असा आप्पांचा हुकूम हाय."

सुषमानं त्याच्याकडं नीट पाहिलं. पहिल्यांदाच. मग ती पेटी घेऊन त्याच्या मागं बसली, आणि रस्ताभर पेटी दोघांच्या मधे होती.

शंभूची दहा गुंठे शेवंती मोठ्या हौसेनं लावलेली. कळ्या धरायला लागल्या होत्या, पण प्रत्येक शेंड्यावर काळा मावा नुसता थापल्यासारखा. गाव म्हणायचं, फवार, नाहीतर उपट. सुषमानं एक शेंडा हातात घेतला आणि एखाद्या सुगरणीला ताजी भाजी मिळावी तशी ती खूश झाली.

शंभू पेटीला हात घालणार, तोच ती म्हणाली, "आत्ता नाही. ऊन उतरल्यावर. आणि आधी झाडांवर पाणी शिंपडायचं, म्हणजे ते तहानेनं उडून जात नाहीत."

गोठ्याच्या सावलीत बसलेल्या भैरूआप्पांनी, शंभूच्या वडिलांनी, मान डोलावली. "बरूबर हाय पोरी. नव्या रानात मेंढरं बी उन्हाची सोडत न्हाईत, सैरावैरा पळत्यात. पाणी पाजून, सांजच्याला सोडायची."

"आप्पा, हे शिकायला मला दोन वर्षं लागली," सुषमा म्हणाली. आप्पांना ती तिथंच पसंत पडली. शंभूचं विचाराल, तर त्याला अजून वाटत होतं की आपल्याला फक्त किडे बघायचेत.

संध्याकाळी तिनं कागदाच्या पट्टीवरून एकेक किडा हलक्या टिचकीनं झाडावर उतरवला. एक उडाला आणि शंभूच्या मनगटावर बसला.

"हलू नका."

तो कशाला हलतोय... तिनं बोट पुढं केलं, किडा बोटावर घेतला, बोट शेंड्याला लावलं. किडा दोन पावलं चालला आणि त्यानं मावा धरला. "बघा," ती हळूच म्हणाली. शंभू बघत होता, पण शेंड्याकडं नाही. एवढ्याशा जिवाला इतक्या मायेनं जेवायला वाढणारं माणूस त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर सुषमा दर गुरुवारी यायला लागली. गावात तिचं नाव पडलं 'किडेवाली मॅडम'. शंभू बुधवारी रात्री शर्टाला इस्त्री मारू लागला, आणि रतनबाई, त्याची आई, भाकरी थापता थापता म्हणू लागली, "इस्त्री गरम झालेली दिसती. उद्या गुरवार हाय वाटतं."

तिसऱ्या गुरुवारी बारीक भुरभुर चालू होती. सुषमानं एक पान उलटं करून दाखवलं. पानाच्या पाठीला पिवळी, उभी, मोहरीहून लहान अंडी.

"तुमच्याकडं घर मांडलंय त्यांनी. आता यातून पिल्लं येतील, आणि खरा मावा संपवतात ती पिल्लंच." मग ती जरा थांबली. "तुमचा प्लॉट मला जपून ठेवायचाय. अकरा दिवसांनी, सोमवारी, आमचे सर शिरूर-दौंडचे शेतकरी घेऊन इथं येणार आहेत. प्लॉट चांगला दिसला तर न्हावऱ्याला लॅबचं केंद्र निघेल, आणि ते मी चालवणार."

"आन् न्हाई दिसला तर?"

"तर दौंडचं काम बंद. मला अकोल्याच्या लॅबला पाठवतील."

पाऊस पानांवर टपटपत राहिला. "अकोला लई लांब हाय का?" शंभूनं विचारलं.

"तुमच्या किटल्यांच्या गाडीवर... लांब आहे."

दोघंही हसली, मग दोघंही गप्प झाली. त्या गप्प बसण्यात एक गोष्ट राहून गेली. पिल्लं दिसतात कशी, हे सांगायचं सुषमा विसरली आणि विचारायचं शंभू विसरला. तरणीताठी माणसं, पावसात उभी. कोणाला बोल लावायचा.

पुढच्या बुधवारी शंभू शेवंतीत गेला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. झाडांवर अळ्या. काळ्या, काटेरी, मगरीच्या पिल्लासारख्या, अंगावर नारिंगी डाग. शेंड्याशेंड्यावर. सुषमाच्या प्लॉटवर ही कुठली नवी पीडा आली? सोमवार जवळ आलेला. औषध तर मारायचं नाही. मग गड्यानं बादलीत साबणाचं पाणी घेतलं आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत वाकून एकेक अळी वेचली. कंबर धरली, तरी झाड सोडलं नाही.

गुरुवारी सुषमा आली ती हसतच. "आज पिल्लं दिसायला हवीत."

"आधी हे बघा," शंभूनं बादली पुढं केली. "लई वंगाळ अळी आली हुती. एक बी ठेवली न्हाई."

सुषमानं बादलीत पाहिलं. काडीनं एक अळी वर काढून पाहिली.

"काय झालं?"

"हीच पिल्लं होती, शंभू."

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातली बादली खाली ठेवायचंही भान राहिलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "चूक माझी आहे. अंडी दाखवली, अळी दाखवली नाही. तुम्ही दिवसभर राबलात ते माझ्यासाठीच ना." आणि ती निघून गेली.

शंभू बांधावर बसून राहिला. शेवटी भैरूआप्पा जवळ आले. "लांडग्यानं नेलं तर दुसरीकडनं मेंढरं आणत्यात. ह्ये किडे काय दौंडलाच पैदा व्हत्यात व्हय? आपल्या घासात बघितलंस का कवा?"

शंभू उठला. जनावरांच्या चाऱ्यासाठी लावलेल्या लसूणघासावर मावा पडतोच, आणि मावा तिथं त्याचा खाणारा. पानं उलटी करता करता त्याला दिसली. काळी, काटेरी, नारिंगी डागांची. आयुष्यात त्याला कुठल्या अळीचा इतका आनंद झाला नव्हता.

शुक्रवार, शनिवार, रविवार. शंभू गावातल्या प्रत्येक घासाच्या वाफ्यात गुडघ्यावर फिरला. एका ठिकाणी कोंबली की त्या एकमेकींना खातात, हे त्याला पहिल्या तासातच कळलं. म्हणून अळी असलेली काडीच तो अलगद कापायचा, पाटीत विरळ मांडायचा आणि शेवंतीच्या शेंड्याला टेकवून ठेवायचा. "शंभ्याला किडा चावला," गाव म्हणालं. म्हणू दे.

सोमवारी सुषमा सगळ्यांच्या आधी आली. सरांना खरं काय ते सांगून टाकायचं, असं ठरवून आली होती. शेवंतीत शिरली आणि थबकली. शेंड्याशेंड्यावर घासाची वाळलेली काडी, आणि शेजारी एक काळी अळी मावा चघळतेय. निम्मे शेंडे स्वच्छ झालेले, त्यांच्या कळ्या टचटचीत फुगलेल्या. तिनं वळून पाहिलं. शंभूचे गुडघे मातीनं काळे, डोळे लाल.

"हे तुम्ही..."

"घासातली हायती. गावरान. चालतील ना?"

तेवढ्यात सरांची गाडी आणि मागं तीसेक शेतकरी येऊन ठेपले. सरांनी प्लॉट पाहिला, माना डोलल्या. 'कसं केलं' असं विचारल्यावर शंभूला गप्प राहता आलं असतं. पण त्यानं एक अळी तळहातावर घेतली आणि सगळ्यांपुढं धरली.

"हिला बघून किळस आली ना? मला बी आली. मी बादलीभर मारल्या. मॅडमचं तीन आठवड्यांचं काम एका दिवसात बुडवलं. मग गावभर हिंडून परत आणल्या. तर मंडळी, ही दिसली की हात मागं घ्या. जमलं न्हाई, तर ह्या येड्याला आठवा."

माणसं हसली, मग एकेक जण वाकून अळी बघू लागला. सर सुषमाला बाजूला घेऊन काहीतरी बोलले.

सगळे गेल्यावर ती परत शेवंतीत आली. "केंद्र न्हावऱ्यालाच होणार. पण इथं राहणारं माणूस पाहिजे म्हणाले. मी म्हटलं, राहीन."

तीस माणसांपुढं बोललेल्या शंभूची आता दातखिळी बसली. "खोली... बघावी लागंल. बघतो मी."

"बघा."

"आन् पुढचं... म्हंजी आप्पांना घेऊन पाटसला तुमच्या बाबांना विचारायला आलो, तर..."

"आधी मला विचारा ना."

शंभूनं मातीचे हात पँटला पुसले. "मला तुम्ही आवडता, सुषमा. बादली बघूनसुद्धा चूक माझी म्हणालात ना, त्या दिवशी मला कळलं, असं माणूस पुन्हा भेटायचं न्हाई. तुम्हाला... चालंल का मी?"

"मला तुम्ही आज आवडलात," ती म्हणाली. "किडे काय, कोणीही गोळा करील. तीस जणांपुढं स्वतःचा मूर्खपणा सांगायला कोण तयार होतं?" ती लाजली, पण नजर खाली घातली नाही. "रविवारी या. बाबा घरी असतात."