माईक चालू होता

कॉलेजच्या मागच्या जिन्याने कुणी येत-जात नाही, म्हणूनच चिमणी त्या जिन्याने निघाली होती. मान खाली, नजर पायऱ्यांवर... आणि वळणावर ती थेट कुणाच्या तरी गुडघ्यांना धडकली.

"अगं, हळू!"

हा आवाज! पायरीवर रेडिओ बसला होता. वर्गाने ठेवलेलं नाव ते. ऑनलाइन तासाला कुणाचं नेटवर्क गेलं, की हाच सरांचं सुटलेलं वाक्य पुन्हा सांगायचा.

चिमणीला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

कारण गेल्या आठवड्यात ऑनलाइन तासाला सरांनी सगळ्यांचं मत विचारलं होतं. पुढचं सत्र घरून हवं, वर्गात हवं, की अर्धं असं आणि अर्धं तसं? कुणी म्हणालं, प्रवास वाचतो. कुणी म्हणालं, घरी झोपच लागते. चिमणीने वर्गाच्या बाजूने दोन वाक्यं बोलून माईक बंद केला. म्हणजे, केला असं तिला वाटलं. शेजारी कपड्यांच्या घड्या घालत मावशीने विचारलं, "घरबसल्या एवढी सोय आहे, मग वर्ग कशाला गं?"

"अगं, वर्गात तो रेडिओ असतो ना! तो बोलायला लागला की मला सांख्यिकीसुद्धा गोड वाटते. इथे काय भिंतींकडे बघू?"

अख्ख्या वर्गाने ऐकलं. सर नुसते खोकले. चिमणीने लॅपटॉप धाडकन मिटला, फोनही बंद करून टाकला. आज ती आली होती ती फक्त सरांना सांगायला – मला कायमचं ऑनलाइन तुकडीत टाका. प्रयोगशाळा सुटली तरी चालेल, पण त्या वर्गात पाय ठेवायला नको.

"तू... इथे?" तिने कसंबसं विचारलं.

"लपलोय. पुढच्या जिन्याने गेलो की पोरं गाणी म्हणतात."

"माझ्यामुळे." तिचे डोळे भरून आले. "सॉरी रे. मी तोंड दाखवायच्या लायकीची—"

"तोंड बरं आहे की! कॅमेऱ्यात नुसतं कपाळच दिसायचं."

तिला हसू फुटलं, आणि आपण हसलो याचीच पुन्हा लाज वाटली. कानांच्या पाळ्या तापल्या.

"मी ऑनलाइन तुकडीत जातेय. तुझाही ताप जाईल."

तो उठला. वाट अडवली नाही, उलट बाजूला सरकला. "जा... पण मग माझं मत फुकट जाईल."

"कसलं मत?"

"कुणी सांगितलं नाही तुला?" त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला, काच आणखीच मळली. "तू गेल्यावर सर म्हणाले, पुढचा कोण? पुढचा मी होतो. मी म्हणालो..." रेडिओ चक्क अडखळला. "म्हणालो, 'सर, मलाही वर्गच हवा. कारण... तेच.'"

"सगळ्यांसमोर?"

"माईक चालू करून. मुद्दाम."

चिमणी मटकन पायरीवर बसली. चेहरा ओंजळीत. "आई गं... मला फार लाज वाटतेय."

"मला काय कमी वाटतेय? नाहीतर इथे बसलो असतो का?"

खाली घंटा झाली. दोघं बरोबरच वर्गाच्या दारात पोचली, तसा गलका उठला. कुणीतरी बाक बडवला. चिमणीचा चेहरा लालबुंद झाला. पण ती माघारी फिरली नाही. त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि पुस्तकात डोळे खुपसून पुटपुटली,

"त्या दिवशी ऐकलंस ना... ते सगळं खरं आहे."