न बोलणारा फोन

"सकाळपासून तुम्हाला फोन लावतेय मी! घंटा वाजतेय, वाजतेय, उचलायला कोणी नाही. मग दुकान मांडलंय कशाला?"

दारातूनच ही सरबत्ती आली तेव्हा वकीलबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. वकिलीची परीक्षा पास होऊनही त्या कोर्टाची पायरी कधी चढल्या नव्हत्या. लोकांच्या भानगडी उकलून द्यायच्या आणि त्यावर पोट भरायचं, असा त्यांचा धंदा होता. त्यांनी टेबलावरच्या फोनकडे पाहिलं. तो गप्प होता. मग त्यांनी मामांकडे पाहिलं.

मामा म्हणजे त्यांचे सख्खे मामा. पेन्शनीत निघाल्यापासून भाचीच्या ऑफिसात मदतीला बसायचे. मदत कोण कुणाला करतं, हा प्रश्न घरात कोणी काढत नसे. फोनची वायर भिंतीतून निघून त्यांच्या खुर्चीखाली पडली होती.

"खुर्ची सरकवताना निघाली वाटतं," मामा म्हणाले. "पण वायरच नाही तर घंटा कशी वाजली?"

"लावणाऱ्याला वाजते, मामा. जोड ती आधी."

आलेल्या बाई पन्नाशीच्या पुढच्या होत्या. औषधं थंड ठेवणाऱ्या एका कंपनीत त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. मालकापासून हमालापर्यंत सगळे त्यांना फोनबाई म्हणत.

"रविवारी आमच्या शीतखोलीचं यंत्र बंद पडलं," त्या बसता बसता म्हणाल्या. "खोलीत गजराची पेटी आहे, तिला स्वतःची फोनलाइन आहे. त्याच लाइनीवर खोलीतला एक फोनही आहे, पण तो कोणी वापरत नाही. गारवा कमी झाला की पेटी आपणहून मेकॅनिकच्या घरी फोन लावते. रविवारी फोन गेलाच नाही. सोमवारी उघडलं तर औषधं वाया. मालक म्हणतात, गजराची तार मी कापली. आज संध्याकाळपर्यंत कबुलीसकट राजीनामा द्यायचा, नाहीतर पोलीस."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, पोलिसांचा नंबर पाठ आहे मला. लावून देऊ?"

वकीलबाईंना हसू फुटलं. असं अशील त्यांना मनापासून आवडायचं.

"पण संशय तुमच्यावरच का?"

"तोंडामुळे. मालकांच्या जावयांनी फोनच्या खर्चात कपात काढलीय. माझी खुर्चीही जाणार होती. मी भर मीटिंगमध्ये सांगितलं, कपात जरूर करा, पण सुरुवात घरापासून करा. कंपनीचे मोबाइल मालकांच्या मेहुण्याकडे आहेत, जावईबापूंच्या भावाकडे आहेत. नोकरी सोडून गेलेल्यांचे नंबरसुद्धा अजून चालू आहेत. ते सोडून भलतीकडे कात्री चालवाल तर पस्तावाल. आता तेच वाक्य माझ्यावर उलटवलंय." फोनबाईंनी पदर खोचला. "नोकरी गेली तर गेली. पण गुन्हेगार ठरून मी त्या दारातून बाहेर पडणार नाही."

तिघं कंपनीत पोचली, तेव्हा दारातच एक पाटी दिसली. 'ज्या फोनवर बोलणं नाही, तो फोन नको.' खाली जावईबापूंची झोकदार सही होती.

"वा! मुद्देसूद आहे," मामा म्हणाले. वकीलबाईंनी पाटी पुन्हा एकदा वाचली.

मालक थकलेले दिसत होते. "मी परगावी होतो. इमारत सुट्टीला बंद असते. माझ्याखेरीज चावी तिघांकडे आहे. जावई, मेकॅनिक आणि फोनबाई. आणि रविवारी शीतखोलीत एक बाई होती, असं आमचा वॉचमन सांगतो. आता तुम्हीच बोला."

जावईबापू तेल लावलेल्या बिजागरीसारखे बोलत, कुठे कुरकुर म्हणून नाही. त्यांनी स्वतः फोनची खोली दाखवली. भिंतीवर करड्या तारांचं जंजाळ होतं. 'शीतखोली गजर' अशी चिठ्ठी लावलेली तार मधोमध कापलेली होती आणि खाली फोनबाईंची कात्री पडली होती.

"ही तुटलेली पहिल्यांदा कुणी पाहिली?"

"मीच. सोमवारी सगळे शीतखोलीकडे धावले, मी इकडे आलो. कुणीतरी डोकं शांत ठेवायला हवं ना?"

"आणि त्या नंबरावर फोन लावून पाहिलात?"

"तार तुटलेली डोळ्यांना दिसतेय, बाई. लावून काय करणार?"

"तेही खरंच. लाइनी चालू-बंद करणं तुमच्याकडे?"

"आता सगळं माझ्याच हातात आहे," जावईबापूंची छाती फुगली. "माझ्या मोबाइलवर आलेला कोड सांगितल्याशिवाय फोन कंपनी एक लाइन हलवत नाही. आधी नुसता सावळागोंधळ होता इथे."

वकीलबाई मात्र मान वर करून छताकडे बघत होत्या. मामांनीही बघितलं. त्यांना फक्त कोळिष्टकं दिसली.

मेकॅनिक यंत्राखालून तेलकट हात पुसत बाहेर आला. तो आधीच तापलेला होता.

"पेटीचा फोन आला असता तर मी ताटावरून उठून आलो असतो! इथे काही मागायची सोय नाही बघा. मागे उंदरांनी गजराची तार कुरतडली तर नवी घालायला माणूस देईनात. शेवटी मी आणि फोनबाईंनीच छतालगत दुसरी ओढली. जुनी अजून तशीच लोंबतेय."

"हे आणखी कुणाला ठाऊक आहे?"

"कुणाला पडलीय? गजर वाजतोय ना, मग झालं."

वॉचमन म्हातारा होता आणि त्याची केबिन ट्रकच्या रस्त्याला लागून होती. वकीलबाईंना प्रत्येक प्रश्न दोनदा विचारावा लागला.

"यंत्राची घरघर थांबल्यासारखी वाटली, म्हणून मी आतल्या फोनवर फोन लावला. भिंतीवर लिहिलाय ना नंबर. तर बाईमाणसानं उचलला. मी म्हटलं, कोण आहे आत? पण ऐकूनच घेईना! आपलंच म्हणणं पुढे रेटत होती. गाड्यांच्या आवाजात मला शब्द काही कळला नाही. म्हटलं, कोणीतरी आहे आत, बघतील ते."

"फोनबाईंचा आवाज होता?"

"ते नाही सांगता यायचं. पण मालक म्हणाले, दुसऱ्याला बोलू न देणारी बाई आपल्याकडे एकच."

परतताना मामा हळूच म्हणाले, "अगं, हे जरा पटतं मात्र."

"मामा, सगळ्यांना वर बोलाव."

मालकांच्या खोलीत सगळे जमले. राजीनाम्याचा कागद टेबलावर तयार होता. फोनबाई दाराशी हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"आधी त्या आतल्या बाईला भेटू," वकीलबाई म्हणाल्या. त्यांनी मालकांचा फोन पुढे ओढला, स्पीकर मोठा केला आणि शीतखोलीचा नंबर लावला.

"आपण लावलेला क्रमांक सध्या सेवेत नाही," एक गोड आवाज म्हणाला. "कृपया क्रमांक तपासून..."

"हीच! हीच ती!" वॉचमन ओरडला. "बघा, अजूनही ऐकून घेत नाही!"

मग जावईबापू हसले. "तार तुटली म्हणून तसं बोलते."

"मामा, सकाळी आपली वायर निघाली होती तेव्हा फोनबाईंना काय ऐकू आलं?"

मामांच्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागायचा, पण पडला की लख्ख पडायचा. "घंटा! वायर निघाली तरी घंटा वाजतच राहते. म्हणजे तार तोडली असती तर वॉचमनलाही नुसती घंटा ऐकू आली असती!"

"बरोबर. ही बाई बोलते ती नंबर फोन कंपनीला परत केल्यावर. म्हणजे रविवारच्या आधीच लाइन बंद झाली होती. आणि जावईबापू, तुमच्या मोबाइलवरच्या कोडशिवाय लाइन हलत नाही, हे तुम्हीच सांगितलंत. ज्या फोनवर बोलणं नाही तो नको, ही पाटीही तुमचीच. गजराचा फोन बोलत नव्हता, कारण सगळं ठीक चाललं होतं. तो गप्प असणं हेच त्याचं काम होतं. घरच्यांचे मोबाइल मात्र भरपूर बोलत होते, ते राहिले."

"नजरचुकीनं झालं असेल," जावईबापू पुटपुटले. "पण तार यांनीच कापली. कात्री यांची आहे."

"कापलेली तार मेलेली होती. उंदरांनी खाल्लेली जुनी. गजराची खरी तार छतालगत आहे आणि ती शाबूत आहे. हे मेकॅनिकला ठाऊक होतं आणि फोनबाईंना, दोघांनीच ती ओढली. त्यांना गजर तोडायचा असता तर त्यांनी मढ्यावर कात्री कशाला चालवली असती? जुन्या चिठ्ठीवर विश्वास ठेवणारा माणूस तिसरा. त्याच्याकडे चावी होती, आणि सोमवारी सगळे शीतखोलीकडे धावले तेव्हा तो एकटा फोनच्या खोलीत गेला." वकीलबाईंनी जावईबापूंकडे रोखून पाहिलं. "लाइन बंद केलीत ती चूक. ती झाकायला तार कापलीत, ती चूक नव्हे."

जावईबापूंची बिजागरी पहिल्यांदाच करकरली. "बाबा, मी... सगळ्यांसमोर काय तोंड दाखवलं असतं मी?"

मालकांनी राजीनाम्याचा कागद फाडला. "बाई, चुकलं आमचं. तुम्ही उद्यापासून कामावर या. घरचं प्रकरण आहे, आपण या खोलीतच मिटवू."

"नाही," फोनबाई म्हणाल्या. "आरोप सगळ्या इमारतीत ऐकू गेला. माफी एवढ्याशा खोलीत मावायची नाही."

त्या ताडताड चालत आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. कानाला हेडफोन लावला आणि इमारतीतली एकूणएक लाइन उघडली. गोदाम, पॅकिंग, हिशेबखातं, गेट, सगळीकडे एकदम घंटा वाजली. सगळीकडे फोन उचलले गेले. मग मालकांच्या टेबलावरचा फोन वाजला.

"बोला, साहेब. सगळे ऐकताहेत. तार कुणी कापली, तेही सांगा."

मालकांनी रिसीव्हर हातात धरला. एकदा जावयाकडे पाहिलं, एकदा फाटलेल्या कागदाकडे. मग त्यांनी घसा साफ केला.

तेवढ्यात बाहेरच्या लाइनीवर दिवा लागला. फोनबाईंनी तो फोन घेतला.

"नमस्कार. कोण हवंय? मालक? थोडं थांबावं लागेल," त्या म्हणाल्या. "मालक आत्ता खरं बोलताहेत."