पाळण्याच्या दोरीवरची राख

हे वाचून कुणी हसलं तर हसू द्या. ज्या कानांनी मी जन्मभर हरिकथा ऐकली, त्याच कानांनी हे ऐकलं आहे. रामाच्या दारात घडलेलं मी वाढवून सांगणार नाही.

रात्र नव्हती. अमावास्याही नव्हती.

भर दुपार होती. शके १८०६ ची रामनवमी. ठाण्यात, तळ्याजवळचं राममंदिर.

माझा भाचा गुरुदत्त आदल्या वर्षी विलायतेला गेला होता, डॉक्टरी शिकायला. गळा असा गोड, की कीर्तनात बुवांच्या मागे उभा राहून त्याने ध्रुपद उचललं की म्हाताऱ्यांचीही मान डोलायची. रामजन्माच्या वेळी पाळण्याची दोरीही तोच ओढायचा. लहानपणापासून.

निघताना बुवा त्याला म्हणाले होते, "तू गेल्यावर माझा चढलेला सूर कोण सावरणार रे? ते टोपीवाले?"

तो हसला. "बुवा, कुठेही असलो तरी रामजन्माला दोरी मीच ओढणार. दुसऱ्याला देऊ नका हं."

तो बोटीत बसला आणि इकडे त्याच्या काकांनी, आनंदरावांनी, घट फोडला.

समुद्र ओलांडला म्हणून. पाण्याचा घडा लवंडायचा, तीळ सोडायचे आणि जिवंत माणसाला मेलेला ठरवायचं. पुढे त्याचं नाव कुणी घ्यायचं नाही. घेतलं, तर त्या घराशी पाणीव्यवहार बंद.

माझी बहीण कलावती विधवा. दिराच्या घरात राहायची. पोराचं नाव तिने ओठांवर आणलं नाही. माझ्याजवळ मात्र एकदा पुटपुटली, "दादा, तो येईल. प्रायश्चित्त घेईल. मग मी त्याला पोटभर हाक मारीन."

तर त्या दुपारी...

कीर्तन रंगलं होतं. जन्माची घटका आली. बुवांनी पाळणा सुरू केला. गुलाल उधळला, फुलं पडली, घंटा वाजली. दोरी बुवांच्या मागच्या खांबाला अडकवलेली होती. ती अजून कुणी हातात घेतली नव्हती.

आणि पाळणा हलला.

मला वाटलं, वारा असेल.

पण दोरी ताणलेली होती... कुणीतरी धरल्यासारखी. सैल व्हायची, पुन्हा ताणली जायची. अगदी सावकाश, सवयीच्या हाताने.

मग बुवांच्या मागून ध्रुपद उचललं गेलं.

बुवा गाता गाता थांबले. टाळ थांबले. मृदंग थांबला.

तो सूर थांबला नाही.

हा गळा मी हजारांत ओळखला असता!

नाकात वास शिरला. वज्रेश्वरीच्या गरम कुंडांवर येतो तसा, गंधकाचा. पण कितीतरी उग्र...

बायकांच्या बाजूला कलावती अर्धी उठली होती. डोळे खांबाकडे. तोंड उघडलं.

आनंदरावांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. खाली बसली.

दोरी सैल पडली. सूर विरला.

लोक भानावर आले, "जय राम, जय राम" म्हणू लागले. कुणी म्हणालं चमत्कार, कुणी म्हणालं उंदीर. मी खांबामागे गेलो. सगळी फरशी गुलालाने लाल झाली होती.

दोन पावलांएवढी जागा सोडून.

तिथे गुलालाचा कणही नव्हता. गुलाल उधळला तेव्हा तिथे कुणी उभं असल्यासारखं. दोरीला हात लावला. बोटं करडी झाली.

राख होती. अजून ऊन होती.

चार-पाच दिवसांनी तार आली. गुरुदत्त गेला. रामनवमीच्याच दिवशी. मी मनाला समजावलं, की प्राण सोडताना पोर दिलेला शब्द पाळायला आलं असेल. आपल्या पुराणांत असं घडतंच.

दिवाळीनंतर लिओ आला. ठाण्याचाच, गुरुदत्तचा शाळासोबती. पाद्री व्हायचं म्हणून इटलीत नेपल्सला शिकत होता. गुरुदत्त सुट्टीत त्याच्याकडे गेला होता आणि दोघे एका दिवसासाठी तिथला ज्वालामुखी पाहायला निघाले होते.

लिओ ओसरीवर बसला. कलावती दाराआड.

"वर गेलो तेव्हा कडेपाशी उभे होतो, मामा. वारा फिरला. धूर अंगावर आला. मी त्याचा हात धरायला गेलो... धूर सरला, तर तो नव्हता. काहीच सापडलं नाही."

मी त्याला पाळण्याचं सांगितलं. लिओचा चेहरा पांढरा पडला.

"किती वाजले होते इथे?"

"दुपारचे बारा. रामजन्म."

"तेव्हा तिथे सकाळ असते, मामा. आम्ही अजून डोंगर चढलोच नव्हतो. गाडीतून खाली द्राक्षांच्या मळ्यांतून चाललो होतो. शेतकरणी हात करत होत्या, शेळ्या आडव्या येत होत्या. त्याचा डोळा लागला होता. झोपेत काहीतरी गुणगुणत होता. जागा झाला तर कपाळावर, केसांत लाल पूड. मी चेष्टा केली, रस्त्यात होळी खेळलास का रे? त्याने बोटाने पुसली, वास घेतला... आणि रडला. म्हणाला, आईने हाक मारली नाही."

दाराआड भांडं पडल्याचा आवाज झाला.

लिओ गेल्यावर कलावती बाहेर आली.

"दादा, म्हणजे तेव्हा तो जिवंत होता?"

मी मान हलवून हो म्हटलं.

"मी थांब म्हटलं असतं, तर तो वर चढला असता का रे?"

पुढच्या रामनवमीला ती भर कीर्तनात उभी राहिली. आनंदरावांच्या देखत. "गुरुदत्ता! बाळा, थांब रे!" कुणी तिला अडवलं नाही. बुवाच रडत होते.

दोरी हलली नाही.

ती जिवंत होती तोवर दर वर्षी हाक मारायची. आता तीही नाही. मी अजून जातो. पाळणा सुरू झाला की डोळे मिटून घेतो.

गेल्या वर्षी घरी येऊन उपरणं झटकलं.

गुलालाबरोबर थोडी राखही पडली... ऊन होती.