उघडलेल्या कॅमेऱ्याचे फोटो

त्या रविवारी दुपारी ती आईबाबांकडे गेली ती तपासायच्या प्रुफांचा गठ्ठा बरोबर घेऊनच. बाबा मागच्या गॅलरीत कामाला बसले होते. गॅलरीला काचा लावून त्यांनी तिची कार्यशाळा केली होती. एक टेबल, हवा तसा वाकणारा दिवा, टेबलावर अंथरलेलं हिरवं जाड लोकरी कापड आणि यंत्राच्या तेलाचा बारीक, गोडसर वास. दिव्याखाली एक जुना फिल्मचा कॅमेरा पोट उघडून पडला होता. त्याचे स्क्रू बर्फाच्या ट्रेमध्ये, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने एकेका खणात ठेवलेले.

कॅमेरे दुरुस्त करण्यात बाबांचा जन्म गेला होता आणि त्यांची पद्धत ठरलेली होती. उघडताना प्रत्येक भागाचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि जोडताना तेच फोटो शेवटापासून सुरुवातीकडे बघत यायचं. जोडतानाचे फोटो ते कधी काढत नसत. घरी परतताना कुणी रस्ता विचारतं का, असं म्हणत. कॅमेरा बंद झाला की त्यात फिल्म भरून चाचणीचा पहिला फोटो आईचा घ्यायचा, तिला खुर्चीत ताठ बसवून, हलू नकोस म्हणून दटावून. तो झाला की मगच उघडतानाचे फोटो पुसायचे.

मोबाइल भरला, मोबाइल भरला, असं रडगाणं त्यांनी लावलं होतं तेव्हा तिनेच त्यांना त्यांच्या खात्यावर शेअर केलेलं फोल्डर करून दिलं. त्यात पडलेला फोटो बाबांचा मोबाइल, आईचा टॅबलेट आणि तिचा लॅपटॉप, तिन्हीकडे एकदम दिसे. नाव बाबांनी दिलं: ‘उघडलेले’.

आई आतल्या खोलीत गुडघा शेकत पडली होती. बाबांनी चिमट्यात एक स्प्रिंग धरली होती. मान वर न करताच ते प्रुफं तपासणाऱ्या लेकीला म्हणाले, “मास्तरीणबाई, मी गेल्यावर तुझ्या आईचं काय गं? तिला पुड्यातलं बिस्किटसुद्धा मीच काढून देतो. बरोबर घेऊनच जावं लागणार बघ.”

थट्टाच होती. तिच्या ओठांवर उत्तर आलंही होतं, पण ते बोलून दाखवलं असतं तर थट्टेची थट्टा राहिली नसती.

“चहा टाकते,” ती म्हणाली आणि आत गेली.

त्याच आठवड्यात बाबा टेबलावर डोकं टेकून गेले. आईला वाटलं, डुलकी लागली असेल. तिने दिवा मालवला आणि दार लोटून घेतलं.

घर भाड्याचं होतं, ते सोडावं लागलं. आई तिच्याकडे राहायला आली. हत्यारं बाबांच्या ओळखीतल्या एका दुरुस्तीवाल्याने नेली. उघडा कॅमेरा मात्र त्याला नको होता. दुसऱ्याने उघडलेलं जोडायचं धाडस आपण करत नाही, म्हणाला. तो कॅमेरा ट्रेसकट भंगारात गेला. बाबांचा मोबाइल तिने बंद करून कपाटात ठेवला. हिरवं कापड टाकवेना. आईची खुर्ची सरकवताना फरशीवर किरकिर व्हायची, म्हणून तिने कापडाच्या मधून चार गोल तुकडे कापले आणि खुर्चीच्या पायांना चिकटवले. उरलेलं कापड घडी करून मोबाइलशेजारी ठेवलं.

आई दिवसभर टॅबलेट मांडीवर घेऊन ते फोटो बघत बसे. जेवायला उठवावं लागे. फिरायला तर नावच नको. शेवटी तिने मनाशी ठरवलं, की हे थांबवायचं. एका सकाळी आई आंघोळीला गेल्यावर तिने फोल्डर डिलीट केलं आणि ॲपमधली कचरापेटीही रिकामी केली. दुसऱ्या दिवशी फोल्डर होतं तिथेच होतं.

ती पुस्तकं संपादित करणारी बाई. कार्याला कारण असतंच, ते आपल्याला दिसत नाही एवढंच, अशा समजुतीवर तिचं आयुष्य चाललेलं. तिने सगळीकडून बाबांचं खातं काढलं, पासवर्ड बदलला, पुन्हा डिलीट केलं. फोल्डर पुन्हा आलं.

आईने तिला रंगेहाथ पकडलंही. ती चिडली मात्र नाही. “अगं, कॅमेरा बंद व्हायच्या आधीच कसले फोटो पुसतेस?” ती समजुतीच्या सुरात म्हणाली. “यांना जोडताना सापडायचं कसं मग?”

तिने मदतकेंद्राला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एक तरुण, हसरा आवाज आला. त्या मुलीने तिला नीट समजावून सांगितलं, की तुम्ही काढताय ती फक्त तुमची प्रत. फोल्डर मालकाचं असतं. मालकाने सोडायचं आणि दुसऱ्या कुणीतरी मी घेते म्हणायचं, तरच ते त्याच्या हातून सुटतं.

“मालक वारले आहेत,” ती म्हणाली.

पलीकडे कीबोर्डच्या कळा दाबल्याचे आवाज आले, मग थांबले.

“पण मॅडम,” मुलगी म्हणाली, “ते आत्ता ऑनलाइन दिसताहेत.”

तिने कपाट उघडून पाहिलं. मोबाइल बंदच होता, काचेवर धूळ धरली होती. घडीतल्या कापडाला मात्र तेलाचा वास येत होता, कालच कुणी त्यावर काम केल्यासारखा ताजा.

मृत्यूचा दाखला पाठवल्यावर खातं कायमचं बंद केल्याचं पत्र आलं. त्यानंतरच्या सकाळी चहा गाळता गाळता तिने आईच्या टॅबलेटकडे नजर टाकली. फोल्डर आलेलं होतं आणि त्यात एक फोटो जास्त होता.

चिमटा, चिमट्यात स्प्रिंग आणि कडेला अंगठ्याचं चिरलेलं नख. बाबांचं नख. एखादा जुना फोटो कुठेतरी अडकून राहिला असेल आणि आता पोचला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पटण्यासारखं होतं. फक्त आधीच्या फोटोत ही स्प्रिंग कॅमेऱ्याबाहेर होती आणि या फोटोत ती आत बसत होती.

त्यानंतर रोज एक येऊ लागला. आतली चक्रं बसली. शटरचा पडदा बसला. फोटोंचा क्रम उलटा चालला होता, शेवटापासून सुरुवातीकडे. बाबांनी जोडतानाचा फोटो उभ्या जन्मात काढला नव्हता.

एकदा तिने फोटो मोठा करून पाहिला. कॅमेऱ्याखाली हिरवं कापड होतं. त्यात चार गोल भोकं होती.

हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? डॉक्टरांना बोलावलं ते आईसाठी, कारण आईचं जेवण दोन घासांवर आलं होतं. त्यांनी सगळं तपासलं. नाडी जरा मंद आहे, बाकी या वयाला ठणठणीत आहेत, म्हणाले. आई तर खुशीत होती. रोज दुपारी केस विंचरायची, ठेवणीतली शाल घ्यायची आणि खुर्ची भिंतीकडे वळवून ताठ बसायची.

“काय चाललंय आई?”

“सराव. पूर्वीसारखं जमत नाही गं, मध्येच पापणी लवते. मग हे ओरडतात.” आणि जरा थांबून, लाजल्यासारखं हसून म्हणाली, “होत आलंय त्यांचं.”

तिने टॅबलेट काढून घेतला. कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिला. पण संध्याकाळी भाजी निवडता निवडता आई सहज म्हणाली, “वरची पट्टी बसली. आता स्क्रू तेवढे राहिले.” तिने लॅपटॉप उघडून पाहिलं. पट्टी बसलेली होती.

मग स्क्रू.

मग एका दुपारी, कामाच्या जागी, तिच्या लॅपटॉपवर नवा फोटो आला. कॅमेरा बंद झाला होता. कापडावर, चार भोकांच्या मधोमध, स्वच्छ पुसून ठेवलेला.

एवढंच व्हायचं होतं, संपलं एकदाचं, असं तिला वाटलं. मग यापुढे काय व्हायचं ते आठवलं आणि ती प्रुफं तशीच टाकून निघाली.

घराचं दार उघडल्याबरोबर तेलाचा वास आला.

आई खुर्चीत होती. भिंतीकडे तोंड, हात मांडीवर, शाल नीट लावलेली. पापणी लवत नव्हती. शालीची घडी श्वासाने वर-खाली होते का, हे ती बघत राहिली. होत नव्हती.

टॅबलेट आईच्या पायाशी पडला होता. फळीपर्यंत आईचा हात पोचत नव्हता.

तिने तो उचलला. फोल्डरमध्ये एक नवा फोटो उतरत होता, वरून खाली, एकेक पट्टी. फिल्मवरचा फोटो इथे यायचं काही कारण नव्हतं. आधी खिडकीचा पडदा दिसला. मग खिडकीची वरची चौकट. मग आईचा भांग.

“बाजूला हो गं,” आई म्हणाली. तिचे ओठ हलले नाहीत. “यांना परत काढावा लागेल.”

फोटोत आईचं कपाळ उतरलं.

ती आईच्या आणि भिंतीच्या मध्ये जाऊन उभी राहिली, आईकडे पाठ करून.

समोर भिंत होती. भिंतीच्या अलीकडे, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, काहीच नव्हतं.

तिने खाली टॅबलेटकडे पाहिलं. पुढची पट्टी उतरली होती. तिच्यात आईचे डोळे नव्हते. तिने स्वतः आज घातलेल्या कुर्त्याची निळी बटणं होती.

मग फोटो थांबला. कुणीतरी मान वर करून वाट बघावी तसा.

चहा टाकते म्हणून इथून आत जाता येणार नव्हतं. तिने समोर, त्या उंचीवर बघितलं आणि तोंडातून शब्द फुटेपर्यंत बघत राहिली.

“बाबा,” ती म्हणाली, “आईला मी घेते. तिला माझ्याकडे ठेवून जा.”