जळोचीची नकोशी

माझ्या कुरडयांवरून सायकल गेली, तिथून हे सगळं सुरू झालं.

आणि कुरडया म्हणजे काही गंमत नव्हे हं! तीन दिवस गहू भिजवायचा, वाटायचा, चीक काढायचा, पहाटे उठून तो शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून गाळायचा. हाताला चटके बसतात ते वेगळेच. छबूआत्याचा हात मोडला होता, म्हणून त्या साली चैत्रात मी पुण्याला भवानी पेठेत तिच्याकडं आले होते, वाळवण घालायला. गल्लीच्या कडेला जुनं लुगडं अंथरलं, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले, शंभरावर कुरडया ओळीनं घातल्या आणि कंबर सरळ करायला उभी राहिले... तोच ओरडा ऐकू आला.

"सरका! अवो बाई, सरका!"

मी सरकले. कुरडया कशा सरकणार?

सायकल लुगड्यावरून आली, आडवी झाली, आणि सायकलवाला चिकाच्या पातेल्यात हात टेकून बसला. चोवीस-पंचवीसचा असेल. सावळा, कपाळावर तेलाचा काळा पट्टा.

"डोळे फुटले का तुमचे?" मी कमरेवर हात ठेवून विचारलं.

"डोळे हायेत. ब्रेक न्हाय." तो उठत म्हणाला. "ब्रेक लागतोय का, त्येच बघाय निघालो व्हतो."

"मग? काय दिसलं?"

त्यानं चुरा झालेल्या कुरडयांकडं पाहिलं आणि गरीब तोंड करून म्हणाला, "न्हाय लागत."

आता काय बोलायचं अशा माणसाला? मला हसू यायला लागलं, आणि हसायचं तर नव्हतं. त्याचं बोलणं आमच्याकडचं वाटलं म्हणून गाव विचारलं. तो इंदापूरचा निघाला. नाव महिपती. कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानात दुरुस्तीची कामं करायचा. मी बारामतीजवळच्या जळोचीची म्हटल्यावर तर असा खुलला, जणू मी त्याच्या गावाची वेसच उचलून आणली होती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो काठी घेऊन हजर.

"हे काय?"

"कावळं राखतो. नुकसान केलंय तर भरपाई नको?"

"कावळे बरे होते," मी म्हणलं. "ते एकेकच नेतात."

पण पाटावर पाणी ठेवलं मी त्याच्यासाठी. वाळ्याचं.

उन्हं कलली की पुण्यातल्या पेठांमधून सायकली बाहेर पडायच्या. कुणाला कुठं जायचं नसायचं, नुसती हवा खायची! कारकून, मास्तर, कॉलेजातली पोरं, मागं कलिंगड बांधलेले संसारी बाप. आणि बाया! नऊवारीचा कासोटा घट्ट घालून, अंबाड्यात मोगरा माळून, घंटी वाजवत जायच्या. मी दारात उभी राहून आ वासून बघायची. एका संध्याकाळी महिपतीनं ते पाहिलं.

"शिकायची का सायकल? आनि हां... नाव काय तुमचं?"

"नकोशी."

"बरं बाई, नको तर नको. रागावता कशाला? नाव तरी सांगा."

"तेच सांगितलं."

माझं नाव ऐकून लोक हसतात, नाहीतर 'अगं बाई' म्हणून चुकचुकतात. यानं दोन्ही केलं नाही. मग मीच सांगितलं. माझ्या आधीच्या चार बहिणी. पाचवी मी. आबांनी नाव ठेवलं नकोशी, म्हणजे देव पुढं तरी मुलगी देणार नाही. देवानं ऐकलं, माझ्या पाठीवर भाऊ झाला. नाव लागू पडलं, माझं काम संपलं! पण दोन स्थळं या नावावरून परत गेली. चौघींच्या पाठची, त्यात नाव असलं, हिलाही मुलीच होणार म्हणे. एकोणीस सरत आलं होतं मला. आणखी एखादा नकार आला की आबा मिळेल त्याच्या गळ्यात बांधणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "त्ये झालं. पन सायकल शिकायची का न्हाय, त्येचं उत्तर ऱ्हायलंच की."

"शिकायची," मी म्हणलं.

पेठेबाहेरच्या मैदानावर रोज संध्याकाळी शिकवणी सुरू झाली. आत्या गळ्यात हात बांधून लिंबाखाली पहारा करायची. महिपती फक्त सीट धरायचा. माझ्या पदरालाही कधी त्याचा हात लागला नाही. पण मागून त्याचा श्वास ऐकू यायचा, आणि... जाऊ दे.

"पुढं बघा. चाकाकडं न्हाय."

"सोडणार नाही ना?"

"तुमी सांगस्तवर न्हाय."

आठव्या दिवशी मीच म्हणलं, "सोडा." त्यानं सोडलं. वारा असा तोंडावर आला! पदर फडफडला, लिंब जवळ आला, आणखी जवळ आला...

"ब्रेक! ब्रेक दाबा!" तो मागून धावत ओरडला.

"कुठाय?"

हे शिकवायचंच राहिलं होतं. आत्या उडी मारून बाजूला झाली म्हणून तिचा दुसरा हात वाचला.

वैशाख सरत आला, आत्याचा हात जुळून आला आणि माझी निघायची वेळ झाली. शेवटच्या संध्याकाळी तो उगाच चाक फिरवत बसला होता.

"इंदापूर... बारामतीपासून लांब न्हाय."

"नाही."

"म्हंजी... सोयरीक व्हन्याइतकं जवळ हाय."

मी पायडलाकडं बघत राहिले. "आबांना विचारावं लागतं."

"आनि तुमाला?"

मला कधी कुणी विचारलंच नव्हतं हो! "मला विचारून झालं की आत्ता," मी म्हणलं आणि आत पळाले.

मी जळोचीला आले. आत्यानं इंदापूरला महिपतीच्या चुलत्यांना, तात्यांना, निरोप धाडला: जळोचीच्या रावजींची धाकटी बघा. मी गवारी खुडत होते, कालव्याचं पाणी वाफ्यांत सोडत होते, आणि कान सगळे वाटेवर. बाजाराच्या दिवशी आबा बारामतीहून आले ते पाय न धुताच ओट्यावर बसले.

"इंदापूरचं जमत न्हाय," ते आईला म्हणाले. "तात्या भेटलं व्हतं. पोराचंच कार्ड आलंय पुन्याहून. पोरगी नकोशी हाय म्हनं."

माझ्या हातातली पाटी तशीच राहिली. नकोशी! सगळ्या मराठी मुलखात दुसरा शब्द मिळाला नाही त्याला? नको म्हणायचं तर नको म्हण, पण माझंच नाव घेऊन मला मारायचं? त्या दिवशी मी इतकी रडले, इतकी रडले, की आई म्हणाली, डोळे जातील. आणि रडून झाल्यावर राग आला. पुन्हा भेटला असता तर सायकलसकट कालव्यात ढकलला असता!

आबांनी लोणी भापकरच्या भीमरावांना बोलावलं. बिजवर, चाळिशीचे, तसा माणूस भला. ते आले तेव्हा अंगणात माझे सांडगे वाळत होते. मी डोक्यावरून पदर घेऊन पाटावर बसले. त्यांनी विचारलं, "नाव काय, पोरी?"

माझी जीभ उचलेना. ते नाव आता मला घेववत नव्हतं.

"नकोशी!" अंगणातून आवाज आला.

सायकल बरोबर सांडग्यांच्या कडेला थांबली होती. वर महिपती, डोक्यापासून पायापर्यंत धूळ, ओठ फुटलेले, अंगरखा घामानं पाठीला चिकटलेला. तो उतरला आणि पाय लटपटून खालीच बसला.

"पुन्याहून आलो," तो म्हणाला. "दिवेघाट, जेजुरी, मोरगाव... तांबडं फुटायच्या आत निघालो. काल तात्यांचं पत्र आलं, जळोचीला नकार कळवलाय म्हनून. दौंडची गाडी निघून गेली व्हती, आनि थांबवत न्हवतं."

आबा उठले. "नकार दिलास न्हवं? मग आता कशाला आलास?"

"नकार न्हाय दिला, आबा! तात्यांनी इचारलं व्हतं, मामाची लेक करायची का जळोचीची? मी कार्ड लिहिलं, 'जळोचीची नकोशी. तिकडं लवकर कळवावं.' त्यांना हिचं नाव ठावं न्हवतं. त्यांनी वाचलं, जळोचीची नको. आनि लवकर कळवलं!"

भीमराव पोट धरून हसायला लागले. पटका सावरत उठले आणि म्हणाले, "रावजी, हितं आपलं काय काम न्हाय. ह्यो गडी साठ मैल आलाय, मला माझ्या बैलगाडीत बी झोप लागत व्हती."

मी पदर मागं सारला. समोर बसलेल्या पाहुण्यांची लाज वगैरे सगळी गेली. "दोन शब्द जास्त लिहिले असते तर शाई संपणार होती का?"

"हात काळं व्हतं," तो म्हणाला. "कार्ड खराब व्हईल म्हनून थोडक्यात..."

"आता हात कसे आहेत?"

"काळंच हायेत."

"तोंड तर आहे? मग नीट बोला. अख्खं वाक्य."

त्यानं आबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मला नकोशी पायजे," तो म्हणाला.

आई चुलीपाशी रडायला लागली. आबा खांबाला टेकून उभे राहिले. एकोणीस वर्षांत मी त्यांचे डोळे भरलेले पाहिले नव्हते. ते महिपतीला म्हणाले, "नाव मीच ठिवलंय हिचं. माझी चूक झाली. लगनात बदला त्ये... चांगलंसं ठिवा."

"नका बदलू, आबा," मी म्हणलं. "आत्ता कुठं कुणी मागून घेतलंय."

आबांनी नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला.

महिपती गूळपाणी प्याला आणि गोठ्यापुढच्या बाजेवर असा झोपला, की बैलानं त्याचा अंगरखा चाटला तरी उठेना. सायकल रिकामीच उभी होती. मी कासोटा घट्ट केला, तिला वाटेवर काढली आणि बसले. कालव्याच्या कडेनं, बाभळींच्या सावलीतून, पार पुलाच्या मोरीपर्यंत गेले. गवारी खुडणाऱ्या बाया उभ्या राहून बघत होत्या. कुणीतरी ओरडलं, "अगं, ती बघा रावजीची नकोशी!" मी घंटी वाजवली.

परत अंगणात शिरले तेव्हा सांडगे समोर होते. मी थेट त्यांच्यावरून गेले, बाजेपर्यंत. कुरकुर आवाजानं तो दचकून उठला, चुऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"अवो, ब्रेक लागतोय की! कालच नवा बसवलाय!"

"ठाऊक आहे," मी म्हणलं. "मीच दाबला नाही. आता उद्यापासून काठी घ्या आणि कावळे राखत बसा."