तिसरी हाक

फार वर्षांपूर्वी, लग्न नवं होतं तेव्हा, मी दारातून हाक मारली की आतून सुरेखाची "ओ" यायची. लांबवलेली, जराशी दमलेली. मालवण सोडून आम्ही लखनौला आलो, बँकेत शिपाई म्हणून माझं आयुष्य गेलं, पण तिची ओ तशीच राहिली. गेल्या थंडीत मागच्या खोलीत तिने डोळे मिटले.

त्या खोलीत आता आमची मुलगी अंतरा तिचा दुसरा कॉम्प्युटर ठेवते. ती घरूनच काम करते. रस्ट नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत ती एक सोय बनवत होती. एका कॉम्प्युटरने दुसऱ्याला नाव घेऊन काम सांगायचं, दुसऱ्याने ते करून उत्तर धाडायचं. मधली खटपट वापरणाऱ्याला दिसायलाही नको. मी फारसा शिकलेलो नाही, म्हणून तिने सावकाश समजावलं.

"म्हणजे हाक आणि ओ," मी म्हणालो.

"अरे वा बाबा! तुम्हालाच नोकरीला लावते."

आई गेल्यावर ती पहिल्यांदा हसली. चाचणीत तिने तीच नावं घातली. तिने हाक पाठवली की पडद्यावर 'ओ' उमटायची.

जानेवारीत मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरचा पंखा बिघडला. धुक्यातून मीच तो पिशवीत घालून अलीगंजला दुरुस्तीला दिला. दुकानातला भैया म्हणाला, "दादाजी, परसों ले जाइएगा।"

परतलो तर अंतरा पडद्याकडे बघत बसलेली. हिटरचा करपट वास कोंडला होता.

"बाबा, दिला नाहीत का तो?"

"दिला की."

"मग ओ कुठून येतेय?"

तिने पुन्हा हाक पाठवली. ओ आली. एरवी चटकन यायची, आता जरा थांबून...

"यार, हाच स्वतःला उत्तर देत असेल," ती पुटपुटली. तपासलं. "नाही... पत्ता त्या दुसऱ्याचाच आहे."

तेवढ्यात, तिने काही न दाबता, एक ओळ उमटली. 'अंतू.'

"तिकडून इकडे येणारी उलटी हाक मी अजून लिहिलीच नाहीये, बाबा..."

अंतू तिला फक्त तिची आई म्हणायची.

मी तिचा हात धरला. "आमच्या गावी तिसऱ्या हाकेशिवाय ओ देत नाहीत, बाळा. जिवंत माणूसच तीनदा बोलावतं."

"आणि तिसरी नाहीच आली तर?"

"तर तिला जाऊ दे. मला तू एवढीच राहिलीस."

बाहेर मटारवाल्याचा आवाज धुक्यात विरून गेला. दुसरी हाक आली. 'अंतू.'

मग काहीच नाही. आम्ही बराच वेळ वाट पाहिली.

अंतराचे दोन्ही हात माझ्या हातात होते. तोंडही तिने उघडलं नव्हतं. तरी त्या नावाखाली, हळूच, 'ओ' उमटली.

"अंतरा... कुणी दिली ही?"

तिने हात अलगद सोडवून घेतले, आणि कुणी बोलावल्यासारखी ती मागच्या खोलीकडे चालत गेली.